रॅम, आप्तवाक्य आणि म्हाइंभट

पडेगावातला रस्ता मिटमिट्यावरून दौलताबादकडे आणि पुढे खुलताबाद-वेरूळकडे जातो. लॅपटॉपचं काम निघालं की मात्र इथली पोरं उलट्या दिशेनं, छावणी ओलांडून शहरात जातात. तक्रार ठरलेली असते. चार-पाच वर्षांचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, ऑनलाइन तासाबरोबर दोन-तीन खिडक्या उघडल्या की हँग. उपायही सगळ्यांना पाठ असतो : रॅम वाढव. पण कुठली, एवढं विचारलं की तीन तोंडांनी तीन सल्ले येतात. दुकानदार म्हणतो, “ही टाक, काही होत नाही.” इंजिनिअरिंगचा मामेभाऊ म्हणतो, “जास्त स्पीडची घे.” मित्राचं म्हणणं, “माझ्यात चालली, तुझ्यातही चालेल.”

विश्वास ठेवायचा कुणावर आणि कशाच्या बळावर, हा प्रश्न न्यायदर्शनाच्या अगदी घरचा. खऱ्या ज्ञानाची साधनं, म्हणजे प्रमाणं, नैयायिक चार मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द.

रॅमच्या बाबतीत प्रत्यक्ष थोड्या अंतरापर्यंत साथ देतं. लॅपटॉपच्या डीडीआर४ पट्टीला २६० पिना असतात, डीडीआर५ला २६२, आणि दोघींची खाच वेगळ्या जागी. चुकीची पट्टी स्लॉटमध्ये बसतच नाही. डीडीआर३पाशी मात्र डोळे फसतात. तिचे १.५ व्होल्टचा आणि १.३५ व्होल्टचा असे दोन प्रकार. पिना दोन्हींना २०४ आणि खाचही एकाच जागी. १.५ व्होल्टची पट्टी तिरकी सरकवली, खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्‌कन बसल्या, तरी फक्त १.३५ व्होल्टवर चालणारा लॅपटॉप सुरू होईलच असं नाही. फरक असतो लेबलावरच्या एका ‘एल’ अक्षरात.

मित्राचा दाखला म्हणजे एक अनुमानच, आणि ते त्याहून लटकं. एकाच नावानं विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपांत एकाला दोन स्लॉट असतात, तर दुसऱ्याची रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथे वाढवायला जागाच नसते. मामेभावाचा ‘जास्त स्पीड’ही बहुधा वाया जातो, कारण दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या की दोन्ही सावकाश पट्टीच्या वेगानं चालतात.

मग वळायचं ते शब्दाकडे, म्हणजे आप्तवाक्याकडे. आप्त कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो, तो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन पुढे सांगतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे. आप्तपण कुळावर किंवा प्रतिष्ठेवर ठरत नाही. जाणकारी आणि प्रामाणिकपणा दोन्ही लागतात. दुकानदाराकडे जाणकारी असेल, पण त्याला माल खपवायचा आहे. मामेभावाला काही खपवायचं नाही, पण त्यानं तो लॅपटॉप उघडून पाहिलेला नाही. आप्ताच्या जवळात जवळ जातं ते नेमक्या मॉडेल नंबरचं सर्व्हिस मॅन्युअल : स्लॉट किती, एका स्लॉटात जास्तीत जास्त किती जीबी, कुठल्या जातीची पट्टी. रॅम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही मॉडेलवार याद्या देतात. त्यांनाही माल विकायचाच आहे, म्हणून मॅन्युअल आणि यादी यांचा मेळ बसतो का ते बघावं.

पट्टी बसली, लॅपटॉप सुरू झाला, स्क्रीनवर १६ जीबी दिसले. आता ती चांगली आहे असं म्हणायचं का?

इथे नैयायिक आणि मीमांसक यांचं जुनं भांडण उभं राहतं. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचं खरेपण बाहेरून ठरतं : त्यावर विसंबून केलेलं काम फळलं, तर ते खरं. मीमांसक विचारतात, मग त्या पडताळणीचा पडताळा कुणी करायचा? त्यांच्या मते ज्ञान मुळात खरंच धरायचं. ते खोटं ठरवणारा बाध आला, तरच टाकायचं. हा वाद या मुलखाला परका नाही. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट काशीचे म्हणून ओळखले जातात, पण त्यांचं घराणं मूळचं पैठणचं, आणि मीमांसेवर ‘भाट्टचिंतामणि’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला.

‘मेमटेस्ट’सारखा प्रोग्राम रात्रभर चालवला, तर तो प्रत्येक खणात ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून ताडतो. एक जरी चूक दिसली, तरी पट्टी बाद. एकही दिसली नाही, तर बाध आला नाही, इतकंच. काम फळलं म्हणून ज्ञान खरं, हा निकष रॅमपाशी लंगडा पडतो, कारण बिघडलेली पट्टीसुद्धा महिनोन्‌महिने काम फळवते. गूगलच्या सर्व्हरांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या होत्या. बेल्जियममधल्या स्कारबेक इथे १८ मे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जादा मिळाली. आकडा शक्यतेच्या पलीकडे गेला, म्हणूनच ते लक्षात आलं. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे नेमका एका बिटाचा फरक; स्मृतीतला एकच बिट आपोआप उलटला असावा, असं अनुमान निघालं. शंभर-दीडशे मतांचाच फरक पडला असता, तर कुणाला शंकाही आली नसती.

स्मृतीतली चूक कशी हाताळावी, याचा एक नमुना पडेगावच्या रस्त्यालगतच्याच इतिहासात आहे. देवगिरीवर, म्हणजे आजच्या दौलताबादवर, यादवांचं राज्य असताना महानुभाव पंथातल्या म्हाइंभटानं पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, गोळा केल्या. ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठलं, आणि चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून खातरजमा करून घेतली. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि महानुभावांनी ‘लीळाचरित्र’ आठवणींतून पुन्हा उभं केलं. साहजिकच आठवणी जुळेनात. तेव्हा एकच पाठ खरा ठरवून बाकीचे पुसून टाकण्याऐवजी, हा पाठ हिराइसेचा, हा परशरामबासांचा, हा रामेश्वरबासांचा, असे भेद नावानिशी पोथीत ठेवले गेले.

सर्व्हरमधली ईसीसी रॅम असंच काहीसं करते : चूक दुरुस्त करते आणि तिची नोंदही ठेवते. बहुतेक लॅपटॉपांत ही सोय नसते. डीडीआर५च्या चिपमध्ये आतल्या आत दुरुस्ती होते, पण ती मालकाला सहसा कळत नाही. शिवाय चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिच्या आवाक्याबाहेरच राहते. त्यामुळे बिल, पट्टीचा नंबर, बसवल्याची तारीख आणि पहिल्या रात्रीच्या टेस्टचा निकाल मालकानंच लिहून ठेवलेला बरा. तीन महिन्यांनी एरर-स्क्रीन आली, की संशय विंडोजवर घ्यायचा की नव्या पट्टीवर, हे त्या नोंदीवरून शोधता येतं.