साक्षीचा खर्च

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील नवव्या अंकाचे न्यायालय उज्जयिनीचे आहे, आणि गोविंद बल्लाळ देवलांनी ते नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यापासून चारुदत्त आपल्याला परका राहिलेला नाही. त्या न्यायालयात अधिकरणिकाशेजारी श्रेष्ठी आणि कायस्थ बसलेले आहेत, चारुदत्ताविरुद्धची फिर्याद लिहून घेतली जाते, विदूषकाजवळचे दागिने सर्वांसमक्ष खाली पडतात. परंतु राजाचा मेहुणा शकार याने न्यायाधीशाला पदच्युतीची धमकी देऊनच ती फिर्याद पुढे रेटलेली असते, आणि चारुदत्त ब्राह्मण असल्याने वध्य नसून हद्दपारीस पात्र आहे असा अभिप्राय अधिकरणिकाने दिल्यावरही पालक राजाचा सुळाचा हुकूम राजवाड्यातून येतो. लोकांसमोर चालले ते बरेचसे रीतीला धरून चालले. चारुदत्ताच्या प्राणांचा निकाल मात्र कोणी पाहत नव्हते तेथे लागला.

निर्णय होताना तो कोण पाहतो, हा मुद्दा आजही तितकाच जिवंत आहे. भोपाळच्या विधानसभेचे कामकाज सरकारी तिजोरीतून खर्च करून जनतेस दाखवावे काय, हा प्रश्न वरवर जमाखर्चाचा दिसतो. माझ्या मते तो धर्माचा आहे. महाकाल हाच या नगरीचा राजा, म्हणून दुसऱ्या राजाने येथे रात्री मुक्काम करू नये, अशी उज्जैनची जुनी श्रद्धा आहे, आणि सत्ताधीशाच्या वरही कोणी पाहणारा असतो हे तिचे मर्म आहे. लोकशाहीत ते पाहणे रयतेकडे आले. वेदान्तातला साक्षी अलिप्त असतो. मुंडकोपनिषदातील दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, दुसरा केवळ पाहतो. प्रजेला ही अलिप्तता लाभलेली नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी सभागृह जी रक्कम मंजूर करील, तिचे बरेवाईट फळ क्षिप्रेच्या काठी राहणाऱ्यांनाच भोगावयाचे आहे. आणि आपल्या नावाने झालेले कर्म ज्याला भोगावे लागते, त्याला ते होत असताना पाहण्याचा अधिकार नाही असे म्हणणे, हा कर्मसिद्धान्ताचाच विपर्यास होय.

म्हणूनच हा खर्च सभेच्या कर्तव्याचेच अंग आहे. अमेरिकेत १९७९ पासून केबल कंपन्यांनी आपल्या पैशाने प्रतिनिधिसभेचे कामकाज दाखविले, हे खरे. आपल्याकडे संसदेने २००६ मध्ये लोकसभेची स्वतंत्र वाहिनी सुरू केली आणि तिचा भार सार्वजनिक निधीवर ठेवला, हेच मला अधिक योग्य वाटते, कारण जाहिरातदाराच्या पैशाने चालणारी दृष्टी आज ना उद्या गोंधळाकडेच वळते.

कॅमेऱ्यासमोर सभासद अभिनय करतील, हा आक्षेप क्षुल्लक नाही. परंतु अभिनय निवडक चित्रांत टिकतो. तासन्‌तास अखंड चाललेल्या दृश्यात रिकामी बाकेही दिसतात, आणि चर्चेविना मंजूर झालेल्या मागण्याही. अधिक गंभीर धोका निराळाच आहे: सभागृह उजळावे आणि निर्णय अंधाऱ्या दालनात व्हावेत. त्यामुळे विधिमंडळाच्या समित्यांच्या बैठकाही, गोपनीयतेचे सबळ कारण नसेल तेथे, लोकांना दिसल्या पाहिजेत.

या कामासाठी राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद व्हावी, तिचा कारभार प्रसिद्धिखात्याकडे न देता अध्यक्षांच्या अधीन ठेवावा, आणि उज्जैन जिल्ह्याच्या सातही आमदारांनी पक्षभेद बाजूस ठेवून ही मागणी सभागृहात मांडावी.