अडून बसलेली माणसे

हेकट हे विशेषण कुणी स्वतःला लावून घेत नाही. ते समोरचा लावतो, आणि बहुधा ज्याचे काम अडले आहे तोच लावतो. म्हणून ते कानावर आले की आधी विचारावे, हा माणूस नेमके कशाला नाही म्हणतो आहे?

माहुल हे चेंबूरपलीकडचे, खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. १९५५ मध्ये शेजारी बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पुढे वीजकेंद्र, खतकारखाना, रसायने साठवायच्या टाक्या येत गेल्या. गाव हलले नाही. खाडीवर पोट असणाऱ्याला दुसरीकडे खोली देता येते, खाडी देता येत नाही. इथल्या काही रहिवाशांनी हवेची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेली. त्यांचे मागणे साधे होते: आम्ही इथेच राहू, हवा सुधारा.

२०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडल्या. तिथल्या कुटुंबांना माहुलच्या प्रकल्पग्रस्तांच्या इमारतींत घरे दिली. त्यांतली अनेक म्हणाली, तिथल्या हवेत आम्ही राहणार नाही.

एकाच गावाभोवती असे दोन नकार उभे राहिले. एकाला जायचे नव्हते, दुसऱ्याला यायचे नव्हते. दिशा उलट, तक्रार एकच: हवा. म्हणून मला दोन्ही बरोबर वाटतात.

दिलेले घर नाकारणाऱ्या गरिबावर लोक लवकर चिडतात. फुकट मिळते आहे, वर अटी कसल्या, असा तो राग असतो. पण ज्याच्याकडे काहीच उरलेले नाही, तो नाकारतो तेव्हा त्याने सर्वात जास्त विचार केलेला असतो. चूक झाली तर तिचा भार उचलायला त्याच्यामागे कुणी नसते.

आणि जे माहुलला जाऊन राहिले, ते सगळे पटले म्हणून राहिले असे कुणी समजू नये. नाही म्हणायलासुद्धा थोडी ऐपत लागते. दोन महिन्यांचे भाडे, नाहीतर एखादा नातेवाईक.

हेका ओळखायची एकच कसोटी मला भरवशाची वाटते: पुरावा समोर आल्यावर माणूस बदलतो का? तानसाच्या लोकांचे म्हणणे बदलण्याजोगे होते. चांगल्या हवेत घर द्या, आम्ही जातो. आता प्रशासनाची बाजू पाहा. २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाने माहुल भागात पाहणी केली, तेव्हा सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. डिसेंबर २०१५ मध्ये हरित लवादाने इथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे नोंदवले. हे सगळे कागदावर असताना, दोन वर्षांनी तिथेच माणसे पाठवली गेली. कसोटी लावली तर हेका कुणाचा, हे स्पष्ट आहे. तो शिक्क्यानिशी आला म्हणून त्याला धोरण म्हणायचे, हे मला मान्य नाही.

हट्टाची किंमत कोण भरतो, तेही पाहावे. २०१८ च्या ऑक्टोबरपासून तानसाची ही कुटुंबे विद्याविहारला जलवाहिनीजवळच्या पदपथावर बसली. पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधे, बायांची आंघोळ, सगळे रस्त्यावर. ज्यांनी त्यांना हट्टी म्हटले, त्यांना स्वतःच्या आग्रहापायी एक रात्रही उघड्यावर काढावी लागली नाही.

२०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना दुसरीकडे राहता यावे म्हणून महिना १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार अनामत देण्याचा आदेश दिला. २०२० मध्ये हरित लवादाने दोन तेल कंपन्या आणि रसायने साठवणाऱ्या दोन कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपये भरपाई भरायला सांगितली. जे म्हणणे हटवादी ठरवले गेले होते, तेच निकालपत्रांत उतरले. तरी पदपथावर गेलेले दिवस कुठल्याही आदेशाने परत मिळत नाहीत.

माहुलची हजारो घरे मात्र रिकामीच राहिली. २०२५ मध्ये महापालिकेने ती आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढली. मुंबईत या किमतीला घर मिळत नाही. तरीही, मुदत वाढवूनसुद्धा, अर्ज थोडेच आले.