पहिल्या प्रयोगाचे विघ्न

वाराणसीत अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवरून उत्तरेकडे थोडे चालले की दशाश्वमेध लागतो. काशीखंडातल्या कथेप्रमाणे तिथे ब्रह्मदेवाने दहा अश्वमेध केले, पण त्यामागचा हेतू काही सरळ नव्हता. दिवोदास राजाने देवांना काशीबाहेर ठेवले होते आणि त्याच्या राज्यात कुठेतरी खोट सापडावी म्हणून शंकराने ब्रह्मदेवाला धाडले होते. ब्रह्मदेव ब्राह्मणाच्या वेषात आला आणि दहा यज्ञांची सामग्री राजाकडे मागून बसला. एवढ्या पसाऱ्यात काहीतरी कमी पडेल, हा अंदाज. राजाने मागितले ते सारे पुरवले, यज्ञ बिनचूक पार पडले आणि ब्रह्मदेव काशीतच राहिला.

यज्ञाच्या अशा अनुष्ठानाला शास्त्रात ‘प्रयोग’ म्हणतात. पैठणहून काशीत आलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात संस्कारविधींवर ग्रंथ लिहिला, त्याचे नाव ‘प्रयोगरत्न’. मराठीत नाटकाचाही प्रयोगच होतो. हिंदीसारखे त्याचे ‘प्रदर्शन’ किंवा ‘मंचन’ होत नाही. दोन्ही प्रयोगांत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, अनेक माणसांनी आपापले काम चुकू न देता करायचे असते, आणि झालेली चूक मागे जाऊन पुसता येत नाही. मग एक जुना प्रश्न उभा राहतो. ऐन वेळी काही बिघडले तर ते विघ्न म्हणायचे की चूक? विघ्न असेल तर देवाला साकडे घालायचे. चूक असेल तर नारळ फोडून काय साधणार?

नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय याच प्रश्नाभोवती फिरतो. चार वेदांतून पाठ्य, गीत, अभिनय आणि रस घेऊन ब्रह्मदेवाने नाट्यवेद रचला. देवांना नट होणे जमणारे नव्हते, म्हणून ते काम भरतमुनी आणि त्यांच्या शंभर पुत्रांकडे आले. तयारी कसून झाली. वाद्यांना स्वाती आणि त्याचे शिष्य, गायनाला नारद आणि गंधर्व, लालित्य कमी पडते म्हणून अप्सरा. पहिला प्रयोग इंद्राच्या ध्वजोत्सवात लागला. आधी नांदी झाली, मग देवांनी दैत्यांना कसे जिंकले ते दाखवायला सुरुवात झाली. देव खूश होऊन बक्षिसे देऊ लागले. प्रेक्षकांत दैत्यही होते, याचे भान मात्र कोणालाच उरले नव्हते.

विरूपाक्षाच्या पुढाकाराने दैत्य आणि विघ्ने उठली. त्यांनी रंगमंच मोडला नाही की आग लावली नाही. नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती ही तीनच त्यांनी थिजवली. विंगेत उभे राहून आपल्या वाक्याची वाट पाहिलेला कोणताही नट ही लक्षणे ओळखील. जीभ टाळ्याला चिकटते, पाय जागचे हलत नाहीत, आणि कालच्या रंगीत तालमीत घडाघडा म्हटलेले वाक्य डोक्यातून साफ जाते. इंद्राने ध्यान लावून कारण शोधले आणि ध्वजाची काठी घेऊन विघ्नांना झोडपले. त्यांना जर्जर करणारी म्हणून त्या काठीचे नाव जर्जर. पण मारून भागले नाही; उरलेली विघ्ने पुन्हा भेडसावू लागली. मग विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेतले गेले आणि त्याच्या भागाभागावर रक्षक नेमले गेले. मंडपावर चंद्र, वेदिकेवर अग्नी, वाद्यांवर मेघ. नायकाला इंद्र, नायिकेला सरस्वती, आणि विदूषकाला साक्षात ओंकार.

एवढा बंदोबस्त झाल्यावर ब्रह्मदेवाने केले ते कथेचे खरे मर्म आहे. देवांच्याच सांगण्यावरून त्याने विघ्नांना बोलावून विचारले, नाटक का बिघडवता? विरूपाक्षाचे उत्तर साधे होते: देव आणि दैत्य दोघेही तुझीच लेकरे, मग नाटक आमच्या अपमानाचे का? ब्रह्मदेवाने ते उडवून लावले नाही. नाट्य कोणा एका पक्षाचे नाही, तिन्ही लोकांच्या भावांचे ते अनुकीर्तन आहे, असे तो सांगतो. त्यात धर्म आहे तसा खेळही आहे, हसणे आहे तसे युद्धही आहे. नाट्याची ही व्याख्या पुढे शेकडो वर्षे मीमांसक घोळवत राहिले, आणि ती जन्मली पडलेल्या पहिल्या प्रयोगाच्या निमित्ताने. विघ्न इथे केवळ बाहेरचा शत्रू ठरत नाही. ते दुखावलेला प्रेक्षकही आहे, आणि त्याची तक्रार अगदीच निराधार नव्हती.

हीच दुहेरी गत विनायकाची. मानवगृह्यसूत्रात चार विनायक आहेत आणि ते माणसाला झपाटणारे, त्याची कामे अडवणारे. याज्ञवल्क्यस्मृतीत त्यांचा एकच विनायक झाला, तोही कामात विघ्ने घालण्यासाठीच नेमलेला. विघ्नकर्ता पुढे विघ्नहर्ता झाला, पण पहिले पद त्याने सोडल्याचे कुठे लिहिलेले नाही. काशीत तर दोन्ही रूपे शेजारी नांदतात. दिवोदासाची घडी विस्कटायला ज्योतिषी बनून गेलेला ढुंढिराज तोच, आणि आठ-आठांच्या सात वेढ्यांत क्षेत्राभोवती बसलेले छप्पन्न विनायकही त्याचेच. नाट्यगृहाच्या कोनाकोपऱ्यांत देव बसवण्याची कल्पना आणि नगराभोवती विनायक बसवण्याची कल्पना एकाच घरातली वाटते: अडवू शकणाऱ्यालाच राखणीला बसवायचे.

येथवर सारे श्रद्धेचे झाले. पण नाट्यशास्त्र श्रद्धेवर थांबत नाही. सत्ताविसाव्या अध्यायात ते प्रयोगाच्या सिद्धीचा आणि घातांचा हिशेब मांडते, आणि तो चोख आहे. वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, मुंग्या, मंडप कोसळणे हे दैवी घात. भूकंप, उल्कापात हे उत्पात. प्रतिस्पर्ध्यांनी मोठमोठ्याने हसणे, रडणे, शेणाचे गोळे फेकणे हे परक्यांनी केलेले घात (स्पर्धेतल्या हुल्लडीला तेव्हापासूनची परंपरा आहे). आणि चौथा वर्ग आत्मसमुत्थ, म्हणजे ज्याचा त्याने ओढवलेला: वाक्य विसरणे, भलत्याचे वाक्य म्हणणे, न शोभणारी भूमिका घेणे, मुकुट घसरणे, वाद्य बेसूर लागणे. नोंद ठेवायला लेखक बसवावा असे सांगून ग्रंथ नियम घालतो की दैवाने आणि उत्पाताने आलेले घात हिशेबात धरू नयेत. नाट्यातले आणि नटाचे स्वतःचे मात्र धरावेत.

पहिल्या अध्यायात स्मृती थिजवणारी विघ्ने होती. इथे तीच विस्मृती नटाच्या खात्यावर आली. वरवर हा विरोध दिसतो, पण तो असण्याचे कारण नाही. पहिला अध्याय भीतीचे मूळ सांगतो, सत्ताविसावा जबाबदारी कोणाची ते. पूजा केली म्हणून पाठांतर माफ होत नाही. श्रौत यज्ञातही देवतांना आवाहन असतेच, तरी ब्रह्मा नावाचा ऋत्विज दक्षिणेला गप्प बसून चुका टिपतो आणि चुकले की प्रायश्चित्ताने सांधून घेतो. त्याची ती मूक बैठक विंगेतल्या प्रॉम्प्टरपेक्षा फार वेगळी नाही.

आधुनिक काशीच्या रंगभूमीची सुरुवातही अशाच घाताने झाली. 3 एप्रिल 1868 रोजी शीतलाप्रसाद त्रिपाठी यांचे ‘जानकी मंगल’ बनारसमध्ये झाले. लक्ष्मणाचे काम करणारा ऐन वेळी आजारी पडला, आणि सतरा वर्षांच्या भारतेंदु हरिश्चंद्रांनी भूमिका पाठ करून प्रयोग निभावून नेला. आजारपण दैवी वर्गातले. पाठांतर त्यांचे स्वतःचे. त्यांचे ‘अंधेर नगरी’ 1881 मध्ये दशाश्वमेधच्या नाटक मंडळीसाठी एका बैठकीत लिहिले गेले, असे सांगतात.

मराठी रंगभूमीने विघ्नाला सरळ रंगमंचावरच आणले. विष्णुदास भावे यांच्या 1843 पासूनच्या खेळांत मंगलाचरण झाले की गणपती स्वतः येऊन अभय देई, मग मोरावर बसलेली सरस्वती नाचत येई, आणि त्यानंतर आख्यान. संगीत नाटकात गणपती सोंगातून निघून नांदीत गेला. तिसऱ्या घंटेच्या आधीची ती पाच मिनिटे आजही तशीच असतात. नटराजापुढे उदबत्ती, फुटलेल्या नारळाचे पाणी फळ्यांवर, ऑर्गनवर धरलेला सूर, कोणीतरी वाकून रंगमंचाला हात लावतो, दुसरा त्याच क्षणी कपडेपटात शेला शोधत असतो. पडदा उघडतो तेव्हा सगळे एका ओळीत उभे. नांदीने विघ्न टळते की नाही, हे तर्काने ठरणारे नाही. एवढे मात्र खरे की थिजणाऱ्या तीन गोष्टींपैकी वाणीला ती सर्वांत आधी, सर्वांबरोबर आणि एका सुरात कामाला लावते. एकट्याचे पहिले वाक्य त्यानंतर येते.

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ प्रथम झाले. पारशी मंडळींचे ‘इंद्रसभा’ पाहून त्याच वर्षी घेतलेले हे काम; सात अंक त्या रात्रीपर्यंत उभे राहिले नव्हते, म्हणून पहिले चारच अंक झाले. निवडलेले नाटकही विसरण्याचेच. कालिदासाच्या मूळ प्रस्तावनेत नटीचे गाणे ऐकून सूत्रधारच आज कोणते नाटक करायचे ते विसरतो आणि नटी त्याला आठवण करून देते: आत्मसमुत्थ घात कवीने आधीच संहितेत घेऊन टाकला. दुर्वासाचा शाप चौथ्या अंकात आहे, दुष्यंताची विस्मृती पाचव्यात. पुण्यात त्या रात्री शाप झाला. विसरणे आणि आठवणे पुढच्या अंकांसाठी राहिले.