विकतचें आतिथ्य

प्रवासास निघालेल्या मनुष्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो उतरावयाचें कोठें हा होय. आमच्या वाडवडिलांना हा प्रश्न फारसा पडत नसे. क्षेत्रास गेले तर उपाध्यायाचें घर, परगांवीं गेले तर नातलगाचें बिऱ्हाड आणि वाटेंत रात्र झाली तर धर्मशाळा, असा त्यांचा क्रम ठरलेला असे. आतां उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं सुखवस्तु कुटुंबांत दुबईचे बेत होऊं लागतात आणि वडील माणसांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वजण हॉटेलांच्या याद्या चाळीत बसतात. कोणास खिडकींतून समुद्र दिसावयास हवा असतो, कोणास पोहण्याचा हौद, तर कोणास सकाळच्या फराळांत आपले पदार्थ. हा केवळ आवडीनिवडीचा व खिशाचा प्रश्न आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मतें त्यांत नीतीचाही एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो इतर देशांतील प्रवाशांपेक्षां आपल्या लोकांस अधिक जवळचा आहे. त्याचाच विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या शहराकडे पाहूं. निसर्गानें ज्या भूमीस नदी दिली नाहीं, जेथें पिण्याचें पाणी बहुतेक सर्व समुद्राचें खारें पाणी गोडें करून मिळवावें लागतें, त्या वाळवंटाच्या कांठावर माणसानें चैनीचीं एवढीं साधनें एकत्र आणलीं आहेत कीं पाहणारा थक्क व्हावा. बुर्ज अल् अरब हें हॉटेल 1999 च्या डिसेंबरांत उघडलें. किनाऱ्यापासून सुमारें 280 मीटर आंत, समुद्रांत भर घालून केलेल्या बेटावर तें 321 मीटर उंच उभें आहे. त्यांत साधी खोली अशी नाहींच. सर्व दुमजली दालनें आहेत. लोक त्यास सात ताऱ्यांचें म्हणतात, पण सरकारी वर्गवारींत ताऱ्यांची गणती पांचावरच संपते. खजुरीच्या झाडाच्या आकाराचें जें बेट समुद्रांत निर्माण केलें आहे, त्याच्या बाहेरच्या कडेवर 2008 सालीं अटलांटिस नांवाचें हॉटेल सुरू झालें. 2010 च्या जानेवारींत खुल्या झालेल्या 828 मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाच्या खालच्या मजल्यांतही हॉटेल आहे. बाहेर अंगाची लाही होत असतां एका भव्य बाजाराच्या पोटांत बर्फावरून घसरण्याची सोय 2005 पासून आहे. याउलट खाडीच्या दोन तीरांवरील देइरा व बर दुबई या जुन्या वस्त्यांत साधीं हॉटेलें आहेत. तेथें पायऱ्या उतरल्या कीं बाजार लागतो, आणि हिंदी व मल्याळी शब्द सहज कानीं पडतात. 2014 पासून तेथील सरकार पाहुण्यांकडून दर खोलीमागें दर रात्रीस 7 पासून 20 दिरहमपर्यंत कर घेतें, आणि तो हॉटेलाच्या दर्जाप्रमाणें चढत जातो. पाहुण्याच्या ऐपतीची ही सरकारी मोजणीच म्हणावयाची.

या हॉटेलांत आपण नेमकें काय विकत घेतों? पलंग, स्नानगृह, फराळ व समुद्राचा देखावा हें उत्तर अपुरें आहे. आमच्या मतें तेथें जी मुख्य वस्तु विकत मिळते ती म्हणजे पाहुण्याच्या कर्तव्यांतून सुटका. आपल्याकडे पाहुणा होणें ही सोपी गोष्ट नव्हती. यजमानाची ऐपत ओळखून मागावें, पानांत टाकूं नये, घरांतील बायकामाणसें जेवलीं कीं नाहींत याची चौकशी करावी, अवेळीं दार ठोठावूं नये, फार दिवस राहूं नये आणि निघतांना मुलांच्या हातावर कांहीं ठेवावें, हे नियम कोणीं लिहून ठेवले नव्हते. पण चांगल्या घरांतील मुलांना ते न सांगतां कळत. हॉटेलांत यांपैकीं एकही नियम लागू नाहीं. मध्यरात्रीं चहा मागा, चार पंचे ओले करून जमिनीवर टाका, ताट अर्धें सोडून उठा. समोरचा मनुष्य हंसून मानच लववील.

या व्यवस्थेची निंदाच करावी असें आमचें म्हणणें नाहीं. विकतच्या आतिथ्याचा एक मोठा गुण मोकळेपणानें मान्य केला पाहिजे. जुन्या आतिथ्याचें दार सर्वांस सारखें उघडें नव्हतें. पुष्कळ धर्मशाळांत अगोदर जात विचारली जाई. एकट्या स्त्रीकडे संशयानें पाहिलें जाई. आणि आश्रयास राहिलेल्या गरीब नातलगास उपकाराचें ओझें जन्मभर वाहावें लागे. पैसे मोजून खोली घेणारा कोणाचा मिंधा होत नाहीं. हें स्वातंत्र्य लहान नव्हे, आणि तें टाकून पुन्हां उपाध्यायाच्या ओसरीवर पथारी पसरावी असें कोणीही शहाणा मनुष्य सांगणार नाहीं.

प्रश्न आहे तो याच्या पुढचा. पैसे दिल्यानें पाहुण्याचें ऋण फिटतें काय? ज्यास पैसे दिले त्याचें फिटतें, हें उघड आहे. परंतु येथें पैसे घेणारा एक आणि सेवा करणारा दुसरा असतो. आपण मालकाचें देणें चुकतें करितों. अंथरूण घालणारा, भांडीं घासणारा, बाहेर उन्हांत हिरवळीस पाणी देणारा, यांच्याशीं आपला व्यवहार झालेलाच नसतो. त्यांचें काय होतें तें मालक जाणे, असें म्हणून मोकळें होतां येईल. पण मग त्यांच्या श्रमाचें फळ आपण कोणत्या नात्यानें भोगतों याचें उत्तर द्यावें लागेल.

दुबईंत हा दुसरा मनुष्य बहुधा परदेशी असतो. ज्या संयुक्त अरब अमिरातींचें दुबई हें एक अंग आहे, तेथें मूळचे नागरिक लोकसंख्येच्या सुमारें एक दशांश आहेत. बाकीचे कामधंद्यासाठीं आलेले, आणि त्यांत 35 लाखांहून अधिक भारतीय आहेत. त्यांच्यापैकीं मोलमजुरी करणाऱ्यांच्या वास्तव्याचा परवाना नोकरीशीं बांधलेला असतो. अलीकडे नोकरी बदलण्याचे नियम सैल झाले आहेत हें खरें. परंतु संघ स्थापण्याची व संप करण्याची मोकळीक कामगारांस नाहीं. कामगाराचें पारपत्र मालकानें अडकवून ठेवणें व भरतीचा खर्च त्याच्याकडून वसूल करणें या दोन्ही गोष्टी तेथील कायद्यानें मना केल्या आहेत. तरीही अनेकजण दलालास देण्यासाठीं काढलेलें कर्ज डोक्यावर घेऊनच विमानांत चढतात. दलालानें घ्यावयाची रक्कम आपल्या सरकारनें 30,000 रुपये व त्यावरील कर इतकी ठरवून दिली आहे. प्रत्यक्षांत कित्येकांस याहून पुष्कळ अधिक मोजावे लागतात. कामगार जेथें एकेका खोलींत दाटीनें राहतात अशा तेथील एका वसाहतीस सोनापूर म्हणतात. सोन्याचें गांव असा त्याचा अर्थ; पण मुंबईच्या जुन्या रहिवाशांस सोनापूर हें नांव स्मशानाचें म्हणून परिचित आहे.

युरोपांतून आलेल्या प्रवाशास हें सर्व ठाऊक नसेल, तर त्याचें अज्ञान एक वेळ क्षम्य मानतां येईल. आपणांस ती सबब नाहीं. त्या किनाऱ्यावरील मोत्यांस एके काळीं मुंबईच्या बाजारांत भाव मिळे. पुढें 1930 नंतरच्या दशकांत जपानी पैदाशीच्या मोत्यांनीं तो धंदा बुडविला. तेथें चालणारें नाणेंही आपला रुपया होता, आणि 1959 सालीं आपल्या रिझर्व्ह बँकेनें आखातासाठीं निराळ्या नोटा काढल्या. ज्या 1966 सालीं हा रुपया दुबईंतून उठला, त्याच सालीं दुबईस समुद्रांत तेल सांपडलें. तेव्हांपासून दैवाचें पारडें फिरलें. रत्नागिरी व रायगडाकडील किती घरांतून माणसें आखातांत गेलीं, हें कोंकणांत सर्वांस माहीत आहे. त्यांच्या पैशानें उभीं राहिलेलीं पक्कीं घरें आपण पाहिलीं आहेत, आणि त्या घरांत वर्षा-दोन वर्षांनीं येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या स्त्रियाही पाहिल्या आहेत. म्हणून हॉटेलांत आपली पेटी उचलणारा मनुष्य आपल्याशीं हिंदींत बोलतो तेव्हां तो परका राहत नाहीं. त्याचें गांव कसें असेल हें आपण जाणतों. जाणूनही न जाणल्यासारखें करणें याला अज्ञान म्हणत नाहींत.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. थंडीच्या दिवसांत दुबईचीं हॉटेलें महाग असतात. मे महिन्यांत उन्हाळा चढला कीं दर खालीं येतात. नेमकी तीच आपल्या मुलांची सुटी. त्यामुळें मध्यम स्थितींतील कुटुंबास एरव्हीं न परवडणारें हॉटेल त्या वेळीं परवडतें, आणि काटकसर साधल्याचें समाधानही मिळतें. आतां तेथील नियम असा आहे कीं 15 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत दुपारीं साडेबारा ते तीन या वेळांत कामगारांकडून उघड्या उन्हांत काम घेऊं नये. नियम चांगला आहे; पण महाराष्ट्रांतील बहुतेक शाळा उघडतात त्या सुमारासच तो लागू होतो. म्हणजे आपलीं मुलें मे महिन्यांत हौदांत डुंबत असतात, तेव्हां पारा 40 अंशांच्या जवळ असूनही बागेंतील माळ्यास व शेजारच्या इमारतीवरील गवंड्यास दुपारच्या विसाव्याचा हा हक्क मिळालेला नसतो. उन्हास भिऊन इतर प्रवासी येत नाहींत म्हणून आपणांस सवलत मिळते. त्याच उन्हांत ज्यास थांबल्यावांचून गत्यंतर नाहीं त्यास कोणतीच सवलत नाहीं.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, हीं माणसें स्वखुषीनें गेलीं आहेत आणि गांवच्यापेक्षां तेथें अधिक मिळवितात. हें बहुतांशीं खरें आहे. परंतु त्या स्वखुषीचा अर्थ इतकाच कीं गांवीं राहणें त्यांस याहून कठीण होतें. तें कां कठीण झालें याचा जाब दुबईच्या मालकास विचारतां येत नाहीं. तो आपल्याकडेच येतो. दुसरा कोणी सात्त्विक संतापानें म्हणेल, मग तेथें जाऊंच नये. पण पाहुणे आटले तर प्रथम नोकरी जाईल ती त्या पेटी उचलणाऱ्याचीच. शिवाय ज्या घरांत धुणेंभांडीं करणाऱ्या बाईस आठवड्याची सुटी नाहीं, आणि ज्या इमारतीच्या दाराशीं पहारेकरी बारा बारा तास बसून असतो, तेथील कुटुंबानें दुबईस न जाऊन पुण्य जोडलें असें म्हणणें धाडसाचें होईल. साध्या हॉटेलांत उतरलें म्हणजे दोषांतून सुटलों, हाही एक भ्रम आहे. स्वस्त हॉटेलांतील नोकराची स्थिति श्रीमंत हॉटेलांतील नोकराहून चांगली असते असें मानण्यास आधार नाहीं. कित्येकदां मोठ्या हॉटेलास आपल्या लौकिकाची तरी भीड असते. आपल्या साधेपणानें आपलें मन शुद्ध झालें तरी दुसऱ्याचा पगार वाढत नाहीं.

मग निवड करावी ती कोणत्या कसोटीवर? आमच्या मतें जेथें पाहुण्याचें कर्तव्य अजून पाळतां येईल तें ठिकाण निवडावें, आणि पाळतां येईल अशाच काळीं जावें. मे महिन्यांतील सात दिवसांऐवजीं दिवाळीच्या सुटींतील चार दिवस पत्करावे. दर चढे असले तरी एकूण खर्च फार वाढणार नाहीं. खोली ठरविण्यापूर्वीं तुमचे नोकर कोठें राहतात, त्यांस आठवड्याची सुटी मिळते काय, भरतीचा खर्च कोण सोसतो, एवढें पत्र लिहून विचारावें. दर विचारतांना आपणांस संकोच वाटत नाहीं, तर हें विचारतांना कां वाटावा? उत्तर आलें नाहीं, तर तेंही एक उत्तरच समजावें. मनोरे व बाजार यांखेरीज शहरांतील कष्टकरी मनुष्यही जेथून दृष्टीस पडेल अशी जागा पाहावी. खाडींतून होडीनें पैलतीरास जाणाऱ्या माणसांत तासभर घालविला तर तें शहर कोणाच्या हातांनीं चालतें हें मुलांना आपोआप कळेल. बक्षिसी द्यावयाची ती बिलावर न लिहितां ज्यानें सेवा केली त्याच्या हातांत द्यावी. अन्न टाकूं नये. खोली झाडणाऱ्याचें नांव विचारावें, आणि तो सांगूं इच्छील तर गांवही.

एवढ्यानें तेथील अन्याय दूर होईल अशी आमची कल्पना नाहीं. पाहुण्याच्या बक्षिसीनें कायदे बदलत नाहींत. त्यासाठीं दोन्ही देशांच्या सरकारांनीं करार केले पाहिजेत व ते पाळून घेतले पाहिजेत. परंतु एक गोष्ट कोणत्याही सरकारवर सोंपवितां येत नाहीं. चार दिवस मागेल तें हातांत मिळालें आणि देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याचीही गरज पडली नाहीं, म्हणजे मुलांच्या मनाला एक वळण लागतें. तें वळण परतीच्या विमानांत गळून पडत नाहीं. पेटीबरोबर तेंही घरीं येतें. तेव्हां प्रवासाचा हिशेब करावयाचा तर हॉटेलाचें बिल बाजूस ठेवावें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपलें मूल मोलकरणीस पाणी कसें मागतें तें ऐकावें.