घुबडाचे घरटे आणि साक्षीभावाची साधना



श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. संत एकनाथ महाराजांनी नाथभागवतातून ते मराठी घराघरांत पोहोचवले. त्या चोवीस गुरूंमध्ये कपोत आहे आणि कुरर नावाचा मांसाहारी पक्षीही आहे. त्यांच्यापैकी कोणीही अवधूताला मंत्र दिला नाही. अवधूताने त्यांच्याकडे लक्षपूर्वक पाहिले आणि जे दिसले त्यातून तो शिकला.

आज आपण अशा एका पक्ष्याकडून शिकू या, ज्याचे दर्शनही आपल्याकडे अनेकजण अशुभ मानतात. तो पक्षी म्हणजे गव्हाणी घुबड.

कावेरीकाठचा रात्रीचा राखणदार

तंजावर हे नाव मराठी मनाला परके नाही. भोसले राजांची गादी, सरस्वती महाल ग्रंथालय, समर्थ संप्रदायाचे मठ यांमुळे ते आपल्या जवळचे झाले आहे. त्याच तंजावरच्या आसपास कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताची गावे पसरलेली आहेत. तेथे कुरुवै, सांबा आणि ताळडी असे भाताचे हंगाम चालतात. जेथे धान्य पिकते तेथे उंदीर येतातच. त्यांच्यासाठी तेथील शेतकरी पूर्वीपासून बांबूचा धनुष्यासारखा सापळा लावत आले आहेत. त्याला ‘तंजावर किट्टी’ म्हणतात. पुढे उंदीर मारण्याचे विषारी औषधही आले.

मयिलाडुतुरैजवळच्या मन्नमपंदल येथील ए. व्ही. सी. महाविद्यालयाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात या भागातील गव्हाणी घुबडांचा अभ्यास केला. घुबड उंदीर बहुधा अख्खाच गिळते. न पचलेले केस आणि हाडे गोळीच्या रूपाने तोंडावाटे बाहेर टाकते. त्या गोळ्या उकलून पाहिल्या तेव्हा त्यांत मुख्यतः शेतातील उंदरांचेच अवशेष निघाले. ज्याला लोक अपशकुनी म्हणत होते, तो रात्रभर त्यांच्याच शेताची राखण करत होता. म्हणूनच तेथे घुबडांसाठी बांबूचे पक्षीथांबे आणि घरट्याच्या लाकडी पेट्या यांचे प्रयोग झाले.

पेटीच्या आतले जग

जगात अनेक ठिकाणी अशा पेट्यांत लहानसा कॅमेरा बसवतात. तो विणीच्या आधीच बसवावा लागतो, म्हणजे पक्ष्याला त्रास होत नाही. त्याचा अवरक्त प्रकाश घुबडाला दिसत नाही, आपल्याला मात्र अंधारातले सारे पडद्यावर दिसते. २०१० मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सॅन मार्कोस गावच्या एका पेटीतली ‘मॉली’ नावाची गव्हाणी घुबड मादी जगभरच्या असंख्य लोकांनी घरबसल्या पाहिली.

काय दिसते या पेटीत? मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडे घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. महिनाभर ती क्वचितच उठते. नर शिकार आणून देतो. अंडी एकामागून एक फुटतात, त्यामुळे एकाच घरट्यात थोरले पिल्लू चांगले वाढलेले, तर धाकटे मुठीएवढे असते.

स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठातील अलेक्झांडर रूलँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पिल्लांचा अनेक वर्षे अभ्यास केला. आईबाप बाहेर असताना पिल्ले एकमेकांना आवाज देतात. ज्याला अधिक भूक, ते अधिक जोराने आवाज देते आणि कमी भुकेली भावंडे बरेचदा माघार घेतात. कधी थोरले पिल्लू आपला घास धाकट्याला देते. घासासाठी भांडण्याआधी दुसऱ्याची भूक ऐकून घेणे आपल्या घरांत किती वेळा घडते?

पाहणाऱ्याची परीक्षा

परंतु बंधू-भगिनींनो, कॅमेरा फक्त गोड तेच दाखवत नाही. प्रत्येक घास म्हणजे एका उंदराचा प्राण आहे. शिकार कमी पडली तर सर्वांत धाकटे पिल्लू उपाशी मरते आणि कधी भावंडेच त्याला खातात. अशा वेळी पाहणाऱ्याचा जीव तुटतो. हात घालून त्याला उचलावे असे वाटते.

येथे अवधूताचा कपोत आठवावा. पिल्ले जाळ्यात सापडलेली पाहून त्याची कपोती मागचापुढचा विचार न करता जाळ्यात शिरली आणि तिच्यामागे तोही शिरला. त्यांचे प्रेम खोटे नव्हते, पण मोहाने विवेक झाकला गेला. घरट्यात हात घालणारा माणूसही विणीत व्यत्यय आणतो आणि उरलेल्या पिल्लांचाही जीव धोक्यात घालतो.

मग पाहणाऱ्याने काय करावे? नुसते बघत राहावे? नाही. साक्षीभाव म्हणजे उदासीनता नव्हे. जे सृष्टीच्या नियमाने घडते ते शांतपणे पाहावे, आणि जे आपल्या हातून घडते ते आपण सुधारावे.

आता त्या पेटीत येणारा एखादा उंदीर पाहा. रक्त न गोठू देणारे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त होऊन फिरतो आणि म्हणूनच घुबडाला सहज सापडतो. बाप तो मोठ्या कष्टाने घरट्यात आणतो, आई मायेने तुकडे करून भरवते, आणि शेतात ठेवलेले विष पिल्लाच्या मुखात जाते. हा सृष्टीचा नियम नव्हे, हे मनुष्याचे कर्म आहे. कर्माचे फळ आपल्या नजरेआड, दुसऱ्याच्या घरट्यात कसे पडते हे एरवी कळत नाही. येथे ते डोळ्यांसमोर दिसते.

आपला संकल्प

ज्या साधकांची शेती आहे त्यांनी उंदरांसाठी विषाआधी सापळे आणि पक्षीथांबे यांचा विचार करावा. जुनी ढोली असलेली झाडे शक्य तोवर राखावीत. ज्यांची शेती नाही त्यांनी घरातील मुलांच्या मनातून घुबडाची भीती काढावी. लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याला नमस्कार करायचा, त्यालाच दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेने मारायचे, ही भक्ती नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हाही आहे.

आणि आज रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. दिवसभरात आपण काय केले आणि त्याचा घास कोणाकोणाच्या घरात गेला असेल, एवढेच आठवावे. जे चुकले ते उद्या सुधारण्याची बुद्धी परमेश्वराने आपल्या सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.