कणसरीचं धान्य, कोठाराची किल्ली

दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायट्यांना खेटून असलेल्या पालममध्ये दादा देवाचं मंदिर आहे. बारा गावांचं हे ग्रामदैवत. या भागातल्या शेतांवर दिल्ली विकास प्राधिकरणानं सेक्टर आखले, मेट्रो आली, देव मात्र जागचा हलला नाही. नवी सून अजूनही पाया पडायला तिथंच येते. शेत गेलं तरी श्रद्धा टिकली, याचं आपल्याला फार कौतुक. पण त्या शेताचा मोबदला कुणाच्या हाती पडला, हे आपण विचारत नाही. १९५४ च्या दिल्ली जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ५० नं वारसांच्या रांगेत मुलग्यांना पुढं उभं केलं होतं. मुलगी बरीच मागं.

हा प्रश्न मला सुचला तो सेनेका लोकांबद्दल वाचताना. इरोक्वाय संघातल्या सहा जमातींपैकी ही एक. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडच्या या लोकांना संघाच्या पश्चिम दाराचे राखणदार म्हणत. मका, घेवडा आणि भोपळा या त्यांच्या तीन बहिणी. तिघी एकाच आळ्यात लावायच्या: मक्याच्या ताटाला घेवडा चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात. कुठलीही सभा भरली, की आधी माती, पाणी, पिकं, वारा, सूर्य, चंद्र यांचे ओळीनं आभार मानायचे आणि मगच कामाला हात घालायचा.

इथवरचं वर्णन पर्यटन खात्यालाही आवडेल. खरी गोष्ट पुढं आहे. पेरणी-कापणी बायकांची आणि कोठारही त्यांचंच. एका लांबलचक घरात आईच्या कुळातली अनेक कुटुंबं राहत, नवरा बायकोच्या घरी नांदायला येई. कामचुकार निघाला तर घोंगडी उचलून चालतं होण्याचा हुकूम त्याला कधीही मिळू शके, असं त्यांच्यात राहिलेल्या एका मिशनऱ्यानं लिहून ठेवलंय. सरदार निवडायची कुळातली वडीलधारी बाई आणि ताकीद देऊनही सुधारला नाही तर पदावरून काढायचीही तीच. लढाई पसंत नसेल तर वाटेची शिदोरी द्यायलाच बायका नकार देऊ शकत. मक्याच्या देवतेची पूजा आपल्याकडच्या पुरुषांनाही मानवेल. ही शिदोरीची गोष्ट मात्र कितपत मानवेल, शंकाच आहे.

मग १८४८ साली सेनेकांच्या मोठ्या गटानं सरदारांची जुनी व्यवस्था मोडून निवडून दिलेलं मंडळ आणलं. मत फक्त पुरुषांना. योगायोग असा, की त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्याच सेनेका फॉल्स गावात गोऱ्या बायकांनी मताचा हक्क मागितला. सेनेका बायकांना मत मिळायला १९६४ उजाडलं. तोवर मक्याचे सण आणि आभाराचे शब्द चालूच होते.

आपल्याकडे वारल्यांची धान्यदेवी कणसरी आहे. डहाणू-जव्हारकडं भात घरात येतं ते तिच्या मानानं. लग्नात भिंतीवरचा चौक सवाष्णी रेखाटतात, त्यात पालघट देवी बसते, आणि धवलेरी ही पुरोहित बाई गायल्याखेरीज लग्न लागत नाही. पुरोहितपण बाईकडं असणं ही लहान गोष्ट नव्हे. पण याच समाजात भगत पुरुष असतो आणि भुताळी ठरते ती बाई. भिंतीवरच्या चित्रांचं नाव पुढं झालं. जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली ती २०११ साली. त्यांच्या हाताचं मोल निर्विवाद, तरी सवाष्णींची कला बाजारात गेली तेव्हा तिचा पहिला नामवंत पुरुष निघाला, एवढी नोंद करून ठेवायला हवी.

म्हणून मला वाटतं, देवी बाई असण्यानं घरातल्या बाईचं काहीच ठरत नाही. ठरतं ते कोठार कुणाचं यावर. आपल्या घरोघरच्या लक्ष्मीपूजनालाही हेच लागू.

हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला आणि देशानं २००५ मध्ये. शेतजमिनीला वगळणारी तरतूदही २००५ मध्येच गेली. मात्र १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम २(२) अनुसूचित जमातींना त्या कायद्याच्या बाहेर ठेवतं. याचा फेरविचार करा, असं सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला २०२२ च्या डिसेंबरात सुचवलं. वारलीही अनुसूचित जमातीतले, त्यामुळे धवलेरीच्या लेकीला हा कायदा आपणहून लागू होत नाही.