आ करण्याआधी

माझी लेक नऊ वर्षांची, स्वमग्न. राहतो पंचवटीत. दाढ किडली तेव्हा तिला खुर्चीवर बसवायलाच तीन खेपा झाल्या. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातात नुसता प्लॅस्टिकचा छोटा आरसा दिला. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. १९५९ साली अॅडेलस्टन यांनी मांडलेली ही रीत. दुसऱ्या खेपेला एक्स-रेचा जड एप्रन अंगावर पांघरला. त्या वजनाखाली तिचे फडफडणारे हात निवले. तिसऱ्यांदा मोबाइलवर हरिपाठ लावला. तिने आ केला.

सासूबाई म्हणाल्या, "माउलीची कृपा!"

मी मनात घोळवत राहिले: कृपा, की रोज दिवेलागणीला कानावर पडणारा ओळखीचा ठेका? कीड काही हरिपाठाने गेली नाही, ती यंत्रानेच कोरावी लागली. पण यंत्रापर्यंत तिला नेलं कोणी?

अशा वेळी मला निवृत्तिनाथ आठवतात; त्र्यंबकेश्वरला त्यांची समाधी आहे. गुरू असूनही ज्ञानदेवांना पुढे करून स्वतः मागे राहिलेला थोरला भाऊ. धीर देणारे उपचार मला तसेच वाटतात: यंत्राला पुढे करून स्वतः मागे राहणारे. श्रद्धेकडे दात बरा करण्याची मागणी केली, तर तिच्यावरच अन्याय होतो.

संध्याकाळी लेकीने तोच आरसा सासूबाईंपुढे धरला. त्यांनी मुकाट्याने आ केला.